पुष्पाबाईंचा विषय

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम म्हणजे शिंकांचा हंगाम. स्टेशनाकडून ख्रिस्ती वस्तीत शिरणाऱ्या नव्या माणसाला पत्ता विचारावा लागत नाही. नाकावर रुमाल धरावासा वाटला की समजायचं, पुष्पाबाईंचं मिरची-कांडप आलं. पत्र्याच्या शेडमध्ये मशीन सकाळपासून धडधडत असतं, बाया डबे घेऊन ताटकळत असतात, पदराआड खोकत असतात, आणि मधोमध पुष्पाबाई लाल भुकटी चाळत अशा निवांत बसलेल्या असतात, जसं काही गव्हाचं पीठच चाळताहेत. कुणी म्हणालं, "अक्का, काय हो हा ठसका," तर त्या खरोखरच आश्चर्यानं विचारायच्या, "ठसका? मला तर नाही लागत बाई." त्या लाल धुरळ्यात अर्धं आयुष्य काढल्यावर लागणार तरी कसा?

आधीच सांगून ठेवतो, बाई मनाच्या वाईट नव्हत्या. त्यांचे मालक तोतारामभाऊ अचानक गेले तेव्हा समाधान हा एकुलता मुलगा अजून शाळेत होता. बाईंनी पदर खोचला, मशीन चालू ठेवलं आणि पोराला शिकवून वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात लावून दिलं. मंडळीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा पुष्पाबाईंचा. बाळंतिणीला न्हाऊ घालायला त्याच, मयताच्या घरी चूल पेटवायला त्याच. मदतीला बोलवावं लागायचं नाही, आणि केलेलं त्या कधी बोलूनही दाखवायच्या नाहीत.

दोष एकच. बाईंच्या पोटात काही राहायचं नाही. आणि गंमत अशी की त्याला त्या दोष मानतच नव्हत्या, त्या त्याला सेवा मानत होत्या.

त्याचं असं. दर शुक्रवारी दुपारी मशीन बंद ठेवून बायांची घरप्रार्थना भरायची. या खेपेला हिच्या घरी, पुढच्या खेपेला तिच्या. सतरंजी अंथरायची, दोन गाणी म्हणायची, शास्त्रातला एक भाग वाचायचा, आणि मग डोळे मिटण्याआधी 'विषय' घ्यायचे. विषय म्हणजे कुणासाठी काय मागायचं ते. कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या मुलीचं जमत नाही. इथपर्यंत सगळं ठीक. पण बाकीच्या बाया आपापला विषय सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि पुष्पाबाई दुसऱ्यांचे घेऊन यायच्या. पुढे सरसावून, आवाज खाली आणून म्हणायच्या, "आपल्या एका भावासाठी प्रार्थना करू. नाव घेत नाही. पण स्टेशनसमोर ज्याची पानटपरी आहे, त्याला प्रभूनं त्या बाटलीतून सोडवावं." झालं. डोळे मिटेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असायचं, आणि डोळे उघडेपर्यंत कधी एकदा घरी जाऊन सांगते असं प्रत्येकीला झालेलं असायचं. बाकीचं गाव ज्याला चहाडी म्हणतं तिला बाईंच्या सतरंजीवर 'ओझं' म्हणत. "मला अमकीचं फार ओझं आहे," असं त्या म्हणाल्या की अमकीची धडगत नसायची.

रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसल्यावरही त्यांचं तेच. पाळकसाहेब उपदेश करू लागले की बाई मान हलवत ऐकायच्या, पण मनात हिशेब वेगळाच. हे सुपडाबाईनं ऐकायला पाहिजे होतं. हे नेमकं त्या टपरीवाल्यासाठी आहे, आणि तोच आज आलेला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यात बघण्याआधी आपल्या डोळ्यात काय आहे ते बघ, असं प्रभूनं सांगितलं तो भाग तर त्यांना तोंडपाठ होता. संडेस्कूलात पोरांना त्यांनीच तो शिकवला होता. पण दर वेळी तो ऐकताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुणाचा ना कुणाचा चेहरा यायचा, आणि तो त्यांचा स्वतःचा कधीच नसायचा.

आता पुनमकडे येतो.

सुपडाबाई म्हणजे पुष्पाबाईंची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा मुलगा नवल टेम्पो चालवतो. त्याला पारोळ्याच्या भिकनभाऊंची पुनम केली. पोरगी हसरी, कामाला चपळ, गळा गोड. दिवाळीच्या सुमारास सुपडाबाई मिरच्या घेऊन कांडपावर आली, मशीन थांबेपर्यंत थांबली आणि बाया पांगल्यावर हळूच म्हणाली, "पुष्पा, तुले एक सांगस. कोनले सांगू नको, फक्त प्रार्थना कर." पुनमला लहानपणी आकडी यायची. वर्षानुवर्षं आली नाही, पण गोळी रोज घ्यावी लागते. लपवाछपवी काहीच नव्हती. भिकनभाऊंनी सोयरीक जुळतानाच सगळं सांगितलं होतं, नवलनं ते ऐकूनच होकार दिला होता. सुपडाबाईला फक्त आईच्या जातीची काळजी, एवढंच.

"माझ्या ओठांबाहेर जाणार नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. आणि त्या खरंच बोलत होत्या. प्रार्थनेत सांगणं म्हणजे ओठांबाहेर जाणं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "एका नव्या सुनेसाठी प्रार्थना करू. नाव घेत नाही. पारोळ्याची आहे. तिला आकडीचं दुखणं आहे." बाया हळहळल्या. एकीनं तर डोळ्यांत पाणी आणलं.

जानेवारी सरता सरता पुनम माहेरी गेली ती परत आलीच नाही. नवल दोनदा आणायला गेला, हात हलवत परत आला. विचारलं तर ती म्हणे, "तुमच्यावर राग नाही, पण त्या वस्तीत मी राहणार नाही." नवलला आईला एकटं सोडून वस्तीबाहेर राहायला जाणं जमेना. भिकनभाऊंनी शेवटी निरोप धाडला की पोरीला असं अधांतरी किती दिवस ठेवायचं, ईस्टरच्या आत काय ते ठरवा, नाहीतर फारकत करून मोकळं होऊ. फारकतीचं नाव ऐकून सुपडाबाईनं अंथरूण धरलं. नवल टेम्पो दारात उभा करून नुसता बसून राहू लागला.

पाळकसाहेबांनी विचार केला आणि पुष्पाबाईंना बोलावलं. "अक्का, तुम्ही जाऊन तिची समजूत घाला. तुमच्या शब्दाला वजन आहे."

बाईंना असं काम म्हणजे पर्वणी. वस्तीतल्या बायांना त्यांनी निघण्याआधीच सांगून टाकलं की आजकालच्या पोरींना सोसवत नाही, कुणी जरा काही बोललं की निघाल्या पिशवी उचलून. "आम्ही नाही का राहिलो सासूच्या हाताखाली?" त्या म्हणाल्या. "सुनेनं घर धरून राहावं."

हे बोलताना त्यांना आपली सून आठवली नाही. समाधानची बायको रत्ना, तीही पारोळ्याचीच. लग्नानंतर वर्षभर दोंडाईच्यात राहिली, मग दोघांनी वरणगावला बिऱ्हाड थाटलं. तेव्हापासून येणं सणासुदीला, तेही उभ्या उभ्या. फोनवर रत्ना एवढंच म्हणायची, "बरं आहे, आई." नातीच्या, छकुलीच्या वेळी दिवस गेल्याचं पुष्पाबाईंना सातव्या महिन्यात कळलं, तेही समाधानच्या तोंडून चुकून निघून गेलं म्हणून. लोकांना बाई सांगायच्या, "कारखान्यात सुट्टीच देत नाहीत हो." सांगता सांगता त्यांनाही ते पटून गेलं होतं.

तर अशा या पुष्पाबाई एका सकाळी धुळ्याच्या बसमध्ये बसल्या, धुळ्याला गाडी बदलून पारोळ्याला उतरल्या. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. नम्रतेवर थोडं, सोसण्यावर बरंच.

भिकनभाऊंच्या अंगणात खाटेवर जुनी साडी अंथरली होती आणि तिच्यावर पुनम बिबडे घालत होती. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे ते पापड, उन्हाळा लागला की आपल्याकडे घरोघरी घालतात. तिच्या कडेवर शेजारचं एक तान्हं मूल होतं. एका हातानं ते सावरत दुसऱ्या हातानं ती पीठ थापत होती. बाईंना बघून तिनं हात धुतला, पदर घेतला, सलाम केला. पाणी दिलं, चहा ठेवला. वागण्यात कुठं खोट काढायला जागा नव्हती, आणि त्यामुळं बाई जरा खट्टूच झाल्या.

चहा संपल्यावर त्यांनी घोकलेलं सुरू केलं. पुनमनं सगळं ऐकून घेतलं. मूल तिच्या मांडीवर तिच्या बांगड्यांशी खेळत होतं.

"झालं तुमचं बोलून?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "अक्का, घरात मला कुणी वावगा शब्द बोललं नाही. सासूबाई मला आधी वाढून मग स्वतः जेवायच्या. गोळ्या संपायच्या आधी हे स्वतः आणून ठेवायचे."

"मग काय गं झालं?"

"मला कुणी बाळ देईना."

बाईंना काही कळेना.

"तुमच्या मागच्या गल्लीतल्या वहिनी आहेत ना, त्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. सगळ्या पोरी बाळाला घेत होत्या. मी हात पुढे केले. त्या म्हणाल्या, झोपलंय गं आत्ताच. आणि बाळ माझ्याकडे टकाटका बघत होतं, अक्का." तिनं मांडीवरच्या मुलाला नीट बसवलं. "त्याच बाईनं आधी शुक्रवारी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. मग मी बघायला लागले. देवळात माझ्या शेजारी लेकुरवाळी बसेना. पाण्याचा हंडा मी उचलला की कुणीतरी येऊन घ्यायचं. बोलायच्या सगळ्या गोड. इथं बघा, ही शेजारीण बाळ माझ्यापाशी टाकून बाजाराला गेली. हिला माझं सगळं माहीत आहे. इथं मला बाळ देतात."

"पण त्या बायांना हे कळलं कुठून?" पुष्पाबाईंनी विचारलं. आणि हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. कोण ती बाई, तिला आपण चांगली झापू, असंच त्यांच्या मनात होतं.

पुनम त्यांच्याकडे बघत राहिली. बाई सोंग करताहेत की काय, असं तिला वाटलं असावं. मग तिच्या लक्षात आलं की सोंग नाही.

"तुम्हीच सांगितलंत, अक्का."

"मी? मी कशाला सांगू? मी तर फक्त प्रार्थनेत..." बाईंचं वाक्य तिथंच अडलं. मग घाईघाईनं म्हणाल्या, "आणि नाव नव्हतं घेतलं मी."

"नवी सून, पारोळ्याची, एवढं म्हणालात. वस्तीत पारोळ्याची नवी सून दुसरी कोण होती?"

"पण प्रार्थना करण्यात वाईट काय आहे, पोरी? तुझ्या भल्यासाठीच ना?"

"तुम्ही घरात एकट्यानं केली असती तर देवाला ऐकू गेली नसती का?"

बाईंनी संपलेला कप पुन्हा ओठांना लावला. पुनमलाही वाईट वाटलं असावं, कारण तिनं मान खाली घातली आणि पुढचं जरा हळू आवाजात सांगितलं. "रत्नाताईंनी मला हळदीच्या दिवशी सांगून ठेवलं होतं. म्हणाल्या, सुखाचं काही असेल तर सगळ्यांना सांग, पण दुखणं असेल तर शुक्रवारपासून जप. मी हसले होते. मला वाटलं, चेष्टा करतात."

"रत्ना म्हणाली असं?"

"त्यांचं पहिलं बाळ राहिलं नाही ना. त्यांनी अजून इथं स्वतःच्या आईला कळवलं नव्हतं. आई हृदयाच्या दुखण्याच्या, जरा बेतानं सांगू म्हणत होत्या. आणि पारोळ्याची कुणी बाई भेटायला घरी आली, रडत रडत. तिला दोंडाईच्याहून फोन आला होता की प्रार्थना करा म्हणून."

तो शुक्रवार पुष्पाबाईंना लख्ख आठवला. रत्ना आतल्या खोलीत झोपली होती, बाहेर सतरंजीवर बाया बसल्या होत्या, आणि आपण आवाज खाली आणून सांगत होतो. आवाज खाली आणला म्हणजे झालं, असं वाटलं होतं. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता.

त्या उठल्या. पुनमला म्हणाल्या, "चल, असं मी म्हणणार नाही आता." आणि निघाल्या.

परतीच्या बसमध्ये बाईंनी काय केलं ते सांगतो, कारण ते आपल्यातलं कुणीही करेल. आधी त्यांना सुपडाबाईचा राग आला. तिनं सांगितलंच कशाला? मग पुनमचा आला. एवढ्याशा गोष्टीवर माणूस घर सोडतं का? मग रत्नाचा तर फारच आला. सासूची अशी बदनामी माहेरात करावी? आणि बस धुळ्याच्या अलीकडे आली असेल नसेल, तोच त्यांच्या मनात आपसूक वाक्य जुळून आलं की येत्या शुक्रवारी सुनांच्या जिभेसाठी प्रार्थना घेऊ, नाव न घेता.

वाक्य जुळलं आणि बाई दचकल्या. त्या स्वतःलाच रंगेहाथ सापडल्या. डोळ्यांविषयी प्रभूनं सांगितलेला तो तोंडपाठ भाग त्यांना आठवला, आणि सवयीनं त्या चेहरा शोधू लागल्या की हा कुणासाठी. सुपडाबाई झाली, पुनम झाली, रत्ना झाली. दुसरं कुणी उरलंच नाही. धुळ्याच्या स्टँडवर दोंडाईच्याची गाडी लागेपर्यंत बाई बाकावर बसून रडत होत्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का हो घरचं?" त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी प्रार्थना नेमकी सुपडाबाईकडेच होती. बाया झाडून सगळ्या आल्या, कधी न येणाऱ्याही आल्या, कारण पारोळ्याची बातमी ऐकायची होती. गाणी कशीबशी आटोपली. सुपडाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिनं आधीच विचारलं, "ती ऊनी नही ना?"

"नाही आली," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी तिला ये म्हणाले नाही."

बाई एरवीसारख्या पुढे सरसावल्या नाहीत आणि आवाजही खाली आणला नाही.

"आज विषय माझा आहे," त्या म्हणाल्या. "नाव घेऊन सांगते. पुष्पा. प्रार्थना म्हणून मी तुमच्या सगळ्यांच्या घरातलं बाहेर काढलं. पुनमनं घर सोडलं ते माझ्यामुळं. माझी स्वतःची सून मला काही सांगत नाही, तेही माझ्यामुळं. सुट्टी मिळत नाही हे खोटं आहे. आणि एक आणखी. आमच्या यांच्या बहिणीला आकडी होती. माझा समाधान तिच्या मांडीवर वाढला. आकडी शिवल्यानं लागत नाही आणि गोळी घेणाऱ्या माणसाला घाबरायचं कारण नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. भीती तेवढी सांगितली, कारण ती ऐकताना तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात, आणि मला ते आवडत होतं."

एकजण म्हणाली, "असं काय बोलता अक्का, तुम्ही किती करता सगळ्यांचं." मागच्या गल्लीतल्या बाईनं आपलं बाळ छातीशी धरलं आणि मान खाली घातली. शेवटी सुपडाबाईच सरकत सरकत आली. "तुना एकलीना दोष नही," ती म्हणाली. "मीबी सांगंच ना तुले." मग सगळ्या बायांकडे हात करून, "आणि ह्या बठ्ठ्यासनी ऐकं." त्या दिवशी प्रार्थना तिनंच केली. फार मोठी नव्हती. तिला मोठी प्रार्थना येतच नव्हती.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर बायांनी तरी तोंडाला कुलूप घातलं असेल. छे. रविवार उजाडेपर्यंत पुष्पाबाईंचा विषय शिंदखेड्याला पोचला होता, नंदुरबारला पोचला होता, आणि जाताना वाटेत बाळसं धरत गेला होता. कांडपावर एक अनोळखी बाई मिरच्यांबरोबर खबर घेऊन आली की इथल्या कुण्या म्हातारीनं म्हणे सुनेला हाकलून दिलं, आणि आता पस्तावली. "तुम्ही ओळखता का हो तिला?" बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हाकललं नव्हतं, असं सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. "ओळखते," एवढंच म्हणाल्या आणि चाळण हलवू लागल्या. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात गेली की ती आपली राहत नाही, कुणीही तिला कशीही दामटतं, हे त्यांनी त्या आठवड्यात पोटभर सोसलं. रात्री जेवण जाईना. पाळकसाहेबांनी विचारलं, पुन्हा पारोळ्याला जाता का? त्या म्हणाल्या, "नवलला पाठवा. मी गेले तर परत मीच बोलत बसेन."

पण नवल जायच्या आधीच ती बातमी पारोळ्यात पोचली होती. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी टेम्पो वस्तीत शिरला आणि पुनम उतरली. घरात पिशवी ठेवून ती कांडपाकडे आली. मशीन बंद होतं, तरी शेडच्या दारात तिला ठसका लागलाच. बाईंनी झटकन उठून पाणी दिलं आणि तिला बाहेर उंबराच्या सावलीत नेऊन बसवलं.

"तुमचं ऐकलं," पुनम म्हणाली. "आठ ठिकाणांहून ऐकलं, आठ तऱ्हांनी."

"खरं तेवढं पाहिजे तर मी सांगते."

"नको. तुम्ही नाव घेऊन स्वतःचं सांगितलंत, तेवढं सगळ्यांच्या सांगण्यात सारखं होतं." तिनं उरलेलं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "माझा राग गेला असं नाही, अक्का. पण घर माझं आहे, ते मी का सोडू?"

"नको सोडूस. माझ्यावर राग ठेव हवा तेवढा," बाई म्हणाल्या. त्यांना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटत होता, पण त्यांनी तो मांडीवरच ठेवला.

ईस्टरला देवळात मागच्या गल्लीतली ती बाई आपणहून पुनमच्या शेजारी येऊन बसली आणि गाणं चालू असतानाच बाळ तिच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. बाकीच्या काहीजणी अजून बिचकतात. सगळं एका रविवारात सरळ होत नाही.

ईस्टरनंतरच्या शुक्रवारी प्रार्थना पुष्पाबाईंकडे होती. त्या सतरंजी झटकत होत्या तेवढ्यात फोन वाजला. रत्ना होती. एरवी फोन समाधान लावायचा आणि मग रत्नाच्या हातात द्यायचा.

"आई, पारोळ्याहून आईनं मला काय काय सांगितलं. खरं आहे का ते?"

"खरं आहे," पुष्पाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या बाळाचं दुःख तुझं होतं गं. ते मी तुझ्या हातातून काढून घेतलं आणि वाटून टाकलं. मला माफ कर असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, पण म्हणते."

मग रत्नाचा आवाज आला, अगदी बारीक.

"छकुलीला सकाळपासून ताप आहे, आई. अंगावर पुरळ उठलंय. हे ड्युटीवर आहेत, संध्याकाळी डॉक्टरकडे नेणार. मला भीती वाटतेय."

गेल्या कित्येक वर्षांत या सुनेनं काही घडत असताना बाईंना कळवलं नव्हतं. सगळं होऊन गेल्यावर कळायचं. त्यांनी शांतपणे विचारलं, पाणी पितेय का, डोळे उघडून बघतेय का, लघवी होतेय का. काय काय करायचं ते सांगितलं. "मी येऊ का?" असंही विचारलं, आणि हुकूम सोडल्यासारखं विचारलं नाही.

"उद्या या," रत्ना म्हणाली. "आणि आई, एवढ्यात कुणाला..."

"नाही," पुष्पाबाई म्हणाल्या.

बाया येऊ लागल्या. पुनम आली, सुपडाबाई आली. गाणी झाली, वाचन झालं. विषय घ्यायची वेळ आली तशी एकेकीनं आपला आपला सांगितला. पुष्पाबाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या. इतक्या बायांनी मिळून मागितलं तर पोरीला लवकर उतार पडेल, असं एक मन सांगत होतं, आणि ते मन खोटं नव्हतं.

सुपडाबाईनं विचारलं, "पुष्पा, तुना काही विषय शे का?"

"आहे," पुष्पाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते ते त्यांनी पुसले नाहीत. "पण तो माझा नाही, म्हणून सांगता येत नाही."

पुनमनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. ती सरकून त्यांच्याजवळ येऊन बसली, आणि मग सगळ्यांनी डोळे मिटले.